कोळशाची मिशी

भट्टीतला विझका कोळसा उचलला, थुंकी लावून ओला केला आणि वरच्या ओठावर मिशी काढली. आरसा नव्हता. त्यामुळे डावी बाजू पार कानाकडे निघाली आणि उजवी मध्येच संपली. मग पदर खोचला, घण उचलला आणि ऐरणीपुढे जाऊन उभी राहिले.

भर शुक्रवारचा बाजार होता. धानोऱ्याच्या वेशीबाहेर नांदुरकीच्या झाडाखाली आमची बैलगाडी सोडलेली, शेजारी पाल ठोकलेलं, पुढे भट्टी. आम्ही घिसाडी. गावोगाव फिरायचं, खुरपी, विळे, कोयते घडवून द्यायचे आणि काम संपलं की बैल जुंपायचे. आमच्यात पुरुष खाली बसून तापलेलं लोखंड सांडशीनं ऐरणीवर धरतो आणि त्याची बायको समोर उभी राहून त्यावर घण घालते. घण म्हणजे पाच शेरी लोखंडाचा गोळा, लांब दांड्याचा. लग्नात मुलीचा रंग कोणी विचारत नाही. दंड बघतात.

माझा दंड चांगला होता.

पहिल्यांदा मिशी दिसली ती सासूला. आम्ही सासूला आत्या म्हणतो. आत्या भात्यावर बसलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली, माझं तोंड बघितलं आणि त्यांच्या हातातला भाता 'फुस्स' करून बसला.

"भाता का थांबला गं आई?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. मान खालीच.

"ठसका लागला," असं म्हणत आत्यांनी पदर तोंडात कोंबला आणि भाता ओढायला लागल्या. त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

माझ्या नवऱ्याचं नाव लिंबाजी. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही. पण म्हातारपणी अक्षरं आली तेव्हा समजलं, की कागदावर लिहायला काही बंदी नाही.

लिंबाजींनी लालभडक पाटा, म्हणजे लोखंडाची जाड पट्टी, बाहेर काढला, ऐरणीवर ठेवला आणि त्यावर हातोडीनं एक ठोका दिला. ऐरणीवर आमचं बोलणं होत नसे. एक ठोका म्हणजे इथं मार. लागोपाठ दोन म्हणजे जोरात मार. हातोडी नुसती ऐरणीवर टेकवली म्हणजे पुरे. ते दाखवायचे, मी मारायची. टक, धाड. टक, धाड. सात वर्षं हेच.

बाजाराला निघालेली माणसं थबकायला लागली. एका बांगडीवालीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. शेळ्या घेऊन निघालेला एक म्हातारा पुढे येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरं, सोळंक्याच्या भट्टीवर आज दोन-दोन लोहार! लोहारीण कुठं गेली म्हणायची?"

सगळे हसले. शेळ्यासुद्धा ओरडल्या. लिंबाजींनी पाटा पलटला आणि ठोका दिला. टक.

मी मारला. धाड.

कोयत्याचा आकार झाला, पाण्याच्या डोणीत गेला, चर्र झालं. तेव्हा मी घण जमिनीला टेकवला.

"अवो, बघा माझ्याकडं."

लिंबाजींनी मान वर केली. "काय?"

"काय दिसतंय?"

लोखंड किती तापलंय ते बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "घाम पूस. काळं पसरलंय."

म्हाताऱ्यानं हसता हसता काठीच टाकून दिली. शेळ्या चौफेर पांगल्या. मी घण उचलून गाडीच्या चाकाला टेकवून ठेवला.

"हा ठेवला घण. आता कोणाला घालायचा त्याला घालू दे."

*

माझं डोकं फिरलं नव्हतं. मिशीला कारण होतं.

मंगळवारी गावातल्या शाळेचे मास्तर आपल्या बायकोला घेऊन आले होते, विळीला धार लावायला. मास्तरीणबाई बिचारी किरकोळ, घण काय, घणाचा दांडाही उचलला नसता. विळी हातात देताना मास्तर मध्येच थांबले आणि म्हणाले, "अगं, कपाळाला पीठ लागलंय तुझ्या." आणि चारचौघांत आपल्या उपरण्याच्या टोकानं त्यांनी ते पुसलं.

एवढंच झालं. पण ती दोघं गेल्यावर माझा हात माझ्याच कपाळाकडे गेला. माझ्या कपाळाला काय लागलंय हे सात वर्षांत कोणी बघितलं होतं? आमची कमळ चार वर्षांची झाली होती, तिच्या तोंडावरचा शेंबूडसुद्धा लिंबाजींना दिसायचा. मी तेवढी दिसत नव्हते.

म्हणून मी बघायचं ठरवलं. त्याच दिवशी नाकातली चमकी काढली आणि लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवली. नाक उघडं, भोक उघडं. काही नाही. उलट बुधवारी संध्याकाळी लिंबाजी चाळणी घेऊन भट्टीची राख चाळत बसले. खिळे शोधत असतील, मला वाटलं. खिळ्यांवर जीव होता त्यांचा. गुरुवारी मी कुंकू भुवईवर तिरपं लावलं. ते जेवले, ढेकर दिला, झोपले. आणि शुक्रवारी मिशी.

यात जास्त दुखायचं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. आमचे मामंजी, म्हणजे लिंबाजींचे वडील, मी लग्न होऊन आले तेव्हा जिवंत नव्हते. पण त्यांची गोष्ट आमच्या गोतात सगळ्यांना ठाऊक होती. मामंजी ऐरणीवर बसले की त्यांची नजर आत्यांच्या तोंडावरून हलत नसे. घण वर गेला की बघायचे, खाली आला की बघायचे. लोक खास बघायला यायचे म्हणे. लग्नांत म्हाताऱ्या बायका नव्या नवरीला आशीर्वाद द्यायच्या, "सोळंक्यानं बघितलं तसा तुझा नवरा तुझ्याकडं बघू दे." मामंजींच्या डाव्या हाताची दोन बोटं गाडीच्या चाकाखाली सापडून वाकडी झाली होती, तरी सांडशी सोडली नाही आणि नजर काढली नाही, असं सांगायचे.

आणि अशा बापाचा हा मुलगा.

त्याच बाजारात मला माहेरच्या गावचा माणूस भेटला. त्याच्याकडे भावाला निरोप धाडला. पुढच्या शुक्रवारी गाडी घेऊन ये. मला आणि पोरीला घेऊन जा.

*

अबोला सुरू झाला. घिसाड्याच्या घरात अबोला धरणं सोपं नाही, कारण घरच नसतं. एक पाल, एक गाडी, तोंड फिरवायचं तर बैलाकडे फिरवावं लागतं.

"आत्या, तुमच्या लेकाला सांगा, भाकरी झाली."

आत्या लेकाकडे वळायच्या. लेक हातभर अंतरावर. "लिंबा, भाकरी झाली."

"आई, तिला विचार, मीठ कुठंय."

"झुंबरे, मीठ कुठंय?"

दोन दिवसांनी आत्यांनी डोक्याला हात लावला. "मी काय पोस्टातली हाय व्हय? आता दर निरोपाला चिमूटभर तंबाखू पडंल." तंबाखू मिळायला लागली तशा त्या एकेका निरोपाचे दोन करायला लागल्या. मी म्हणायची, "सांगा, पाणी संपलंय." त्या सांगायच्या, "लिंबा, पाणी संपलंय." मग थोडं थांबून, "आणि ती म्हणती, तू हडकलायस." मी काही म्हटलेलं नसायचं. पण खोडून काढायचं तर बोलावं लागलं असतं.

कामाचं मात्र अवघड झालं. दसरा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघायच्या होत्या आणि आमच्याकडं एका मुकादमाचे तीस कोयते होते. पुढच्या शुक्रवारी तो गाड्या भरून येणार, कोयते उचलणार आणि तसाच पुढं जाणार. दहाच झाले होते. एकटा माणूस कोयता घडवू शकत नाही. सांडशी धरायची, हातोडीनं दाखवायचं आणि घणही घालायचा तर तिसरा हात लागतो.

लिंबाजी आईकडे गेले. "आई, तू घाल ना दोन दिवस घण."

आत्या एकदम गंभीर झाल्या. "लिंबा, मी घण सोडला त्याला बारा वर्षं झाली. माझ्या हातात पुन्हा देऊ नको. कोणाचंच भलं व्हायचं न्हाई."

सोमवारी सकाळी लिंबाजी गावात गेले आणि सयाजी पैलवानाला घेऊन आले.

सयाजीनं मागल्या उरुसात चांदीचं कडं जिंकलं होतं आणि गावाला ते विसरू द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. म्हशीच्या पारडाएवढी मान, तिच्यावर लहानसं डोकं. त्यानं सदरा काढला, मूठभर माती कपाळाला लावली, घणाच्या पाया पडला आणि शड्डू ठोकला. आमचा एक बैल दावं तोडून पळाला.

"लोहारदादा, कुठं मारायचं तेवढं दाखवा. लोखंडाचं पाणी करतो."

"हातोडी जिथं टेकंल तिथं," लिंबाजी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

टक.

पैलवानानं घण असा वर नेला की फांदीवरचे दोन कावळे उडाले. तो खाली आला तो थेट ऐरणीच्या निमुळत्या शिंगावर. ठिणग्या उडाल्या, ऐरण लाकडी ठोकळ्यासकट जमिनीत चार बोटं रुतली, पाट्याला धक्काही लागला नाही.

"आलं का पाणी?" पैलवानानं विचारलं.

आत्या भात्यावरून म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला आलं बाबा."

दुपारपर्यंत लिंबाजींचा घसा बसला. ठोक्यांची भाषा पैलवानाला कळेना, म्हणून तोंडानं बोलावं लागलं. "इथं दादा. जरा अलीकडं. अलीकडं म्हणजे माझ्याकडं न्हाई, तुझ्याकडं. हळू. थांब. अरं थांब म्हणलं की थांबायचं. दम घे. दूध पिणार?" सात वर्षांत माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या रेड्याशी अर्ध्या दिवसात बोलले.

आणि बघत होते! मी गाडीखाली कमळला मांडीवर घेऊन बसले होते, मला सगळं दिसत होतं. पैलवानानं घण उचलला की लिंबाजींचे डोळे त्याच्या तोंडाला चिकटायचे. घण वर, डोळे वर. असे टक लावून की मुलगी बघायला आलेला नवरदेवही बघणार नाही.

मी सरळ भात्यापाशी गेले. "आत्या, बघितलं का? त्या ठोंब्याच्या तोंडात काय हाय असं, जे माझ्या तोंडात न्हाई? माझ्याकडं सात वर्षांत एकदा तरी असं बघितलंय का?"

आत्यांनी तंबाखूची गुळणी बाजूला थुंकली. "न्हाई बघितलं."

"मग?"

"मग काय? न्हाई बघितलं म्हणून तर सात वर्षं झाली." असं म्हणून त्या भाता ओढायला लागल्या. म्हातारीला काही समजत नाही, मी मनात म्हटलं.

बुधवारपर्यंत कोयते कसेबसे होत गेले. काही वाकडे, काही जाड. एकाचं तर पैलवानानं असं काही केलं होतं की त्याला कोयता म्हणावं की पळी, हे लिंबाजी बराच वेळ फिरवून बघत राहिले. रात्री ते दोन्ही हात गरम पाण्यात घालून बसायचे. मी ते बघितलं. माझ्या मनात यायचं, तेल लावून द्यावं. पण तेल लावायचं तर आधी कोणी तरी 'लाव' म्हणायला पाहिजे.

गुरुवारी मी बोचकं बांधलं. त्यांच्यासमोर बांधलं, मुद्दाम सावकाश. लुगडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आमच्यात असं गेलेली बाई पंच बसल्याशिवाय परत येत नाही, आणि पंच बसले की वर्ष-वर्ष उठत नाहीत. हे त्यांनाही ठाऊक होतं. 'नको जाऊ' हे दोनच शब्द होते. तेवढे ऐकले असते तर मी बोचकं तिथंच सोडलं असतं.

ते खुरप्याला धार लावत बसले होते. मान खाली.

*

शुक्रवारी दगडूदादा आला, माझा थोरला भाऊ. गाडी सोडायच्या आधीच त्यानं बाजारात जाऊन पावशेर शेव आणली. ती खात खात त्यानं मला बाजूला घेतलं. डोळ्यांत काळजी होती, तोंडात शेव.

"मारलं का?"

"न्हाई."

"दारू?"

"शिवत न्हाईत."

"दुसरी बाई?"

"पैलवान हाय."

दादा चावायचा थांबला. मग मी नीट सांगितलं. "दादा, माझ्याकडं बघतच न्हाईत ते."

"बघत न्हाई?"

"न्हाई."

दादा माझ्याकडे बघत राहिला, मग शेवेकडे, मग बैलांकडे. "एवढ्यासाठी मी दोन दिवस बैल हाकलत आलो? तुझी वहिनी तर म्हणती, असं टकामका बघू नका, घास उतरत न्हाई."

"दादा, तुला न्यायचंय की न्हाई?"

"बस बाई, बस. मुराळी म्हणून आलोय तर नेतो."

मी कमळला गाडीत बसवलं, बोचकं ठेवलं आणि चढून बसले. समोर भट्टीवर शेवटचे दोन कोयते राहिले होते. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता, त्याच्या मागे टोळीच्या गाड्या. लिंबाजींनी मला चढताना बघितलं की नाही कोण जाणे. पाटा भट्टीत होता.

आत्या भाता सोडून गाडीपाशी आल्या. हातात पुरचुंडी, वाटेत पोरीला खायला गूळ-शेंगा. मला रडू यायला लागलं, म्हणून मी भांडायला सुरुवात केली.

"तुम्हाला न्हाई कळायचं, आत्या. मामंजी मरेपर्यंत तुमच्याकडं बघत होते. सगळं गोत सांगतं. तुम्हाला काय ठाऊक, न बघणाऱ्या माणसासमोर उभं राहणं काय असतंय ते!"

आत्यांनी इकडे तिकडे बघितलं. मग गाडीच्या दांडीला धरून वर चढल्या, माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याच्या बोटांवरून चाक गेलं न्हवतं."

"मग?"

"माझा घण गेला होता."

मी रडायचंच विसरले.

"लग्नाला सहा महिने झाले होते. एकदाच चुकला. त्या दिवसापासून मरेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत होता. आता कुठं मारतीया, आता कुठं मारतीया! लोक म्हणायचे, काय माया हाय. मी म्हणायची, असू दे, लोकांना बरं वाटतंय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. हसत होत्या की काय ते मला नीट दिसलं नाही. "आता तिकडं बघ."

मी भट्टीकडे बघितलं.

लिंबाजींनी लाल पाटा ऐरणीवर ठेवला होता. पैलवानाचा घण वर गेला. लिंबाजींचे डोळे पैलवानाच्या तोंडावर. घण खाली निघाला, आणि तो अर्ध्यावर असतानाच लिंबाजींचा सांडशीचा हात मागे सरकला. थोडासाच. पण सरकला. पुन्हा घण वर, पुन्हा खाली, आणि पुन्हा हात मागे. सोमवारपासून मी त्यांचे डोळेच बघत बसले होते. हाताकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

माझ्यासमोर तो हात सात वर्षं ऐरणीपासून वीतभर अंतरावर होता. मला त्याच्या नखांवरचे डाग पाठ होते. नखं पाठ होतात, कारण ती हलत नसतात.

तिसऱ्या वेळी पैलवानानं मुकादम बघतोय म्हणून जास्तीचा जोर लावला. लिंबाजींनी हात काढला तो पुरता काढला. सांडशी सुटली. घण पाट्याच्या टोकावर बसला, लाल पाटा उडाला, हवेत दोन वेळा फिरला आणि पैलवानाच्या काष्ट्यात जाऊन अडकला.

पैलवान जे ओरडला ते उरुसातही कोणी ऐकलं नसेल. दोन उड्यांत तो पाण्याच्या डोणीत जाऊन बसला. चर्र झालं. सगळा बाजार धावत आला. शेळ्यांचा म्हाताराही होता.

"पाणी दिलं का रं पैलवानाला?" तो म्हणाला. "आता धार लावा."

पैलवानाला काही झालं नव्हतं, धोतर तेवढं गेलं. मुकादमानं त्याला आपली घोंगडी दिली. घोंगडी गुंडाळून तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "लोहारदादा, कुस्तीत समोरचा निदान हलतो तरी. हे काम माझं न्हाई." आणि मान ताठ ठेवून गावाकडे चालू लागला.

मी गाडीतून खाली उतरले.

कोणी बोलावलं नव्हतं. पैलवानानं टाकलेला घण आठ दिवसांनी हातात घेतला. पदर खोचला आणि ऐरणीपुढे जाऊन उभी राहिले. आत्या आधीच भात्यावर पोचल्या होत्या. एवढ्या चपळ त्या मी कधी बघितल्या नव्हत्या. त्यांनी लेकाच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या निरोपाला तंबाखू लागली नाही.

लिंबाजींनी पाटा तापवला, बाहेर काढला, ऐरणीवर ठेवला. मी घण वर नेला.

आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. चांगले डोळे मोठे करून, पापणी न हलवता, फोटोवाला म्हणतो तसं.

माझा घण वरच राहिला. कानशिलं गरम झाली. सगळा बाजार उभा, मुकादम उभा, भाऊ शेव खात उभा, आणि हा माणूस माझ्या तोंडाकडे बघतोय.

"काय बघताय?"

"तुलाच."

"कशाला?"

"आई म्हणाली, बघायचं असतंय."

"लोखंड थंड व्हायला लागलंय."

"होऊ दे. तू म्हणलीस न्हवं बघा म्हणून?"

घण खाली आणावा तर हात जागेवर नाही. पहिल्यांदाच मला वाटलं की तो चुकणार. खाली वीतभर अंतरावर ती पाच बोटं होती आणि ती जराही मागे सरकत नव्हती.

"अवो, खाली बघा! बोटं जातील!"

"न्हाई जायची."

"पाया पडते, खाली बघा!"

त्यांनी मान खाली घातली. लोखंड काळं पडलं होतं. ते पुन्हा भट्टीत गेलं, आत्यांनी भाता ओढला, पुन्हा लाल होऊन आलं. लिंबाजींनी हातोडी टेकवली. टक.

मी मारला. धाड.

दोन कोयते कधी झाले समजलं नाही. मुकादमानं बाकीचे कोयते बघून नाकं मुरडली, पण शेवटचे दोन त्यानं स्वतःसाठी बाजूला काढले. दगडूदादानं गाडीतून हाक मारली, "झुंबरे, आता जायचं का न्हाई?"

"बैल सोड दादा. जेवून जा."

"मग पोरगी?"

"पोरगी कुठं जाती? तिची आई इथं हाय."

"आणि मी कशाला आलो होतो?"

"शेव खायला," आत्या म्हणाल्या.

*

दिवस मावळताना दादा गेला. आत्या कमळला घेऊन विहिरीवर गेल्या होत्या. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, लिंबाजी समोर जेवायला बसले होते. अबोला मोडला होता. आधी त्यांनीच विचारलं.

"चमकी सापडली का?"

माझा हात भाकरीवरच थांबला. "कसली चमकी?"

"मंगळवारपासून नाकात न्हवती. मला वाटलं भट्टीत पडली असंल. राख चाळली सगळी. दोनदा."

मी लुगड्याची गाठ सोडली, चमकी काढली आणि नाकात घातली. त्यांनी बघितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला.

"म्हणजे मिशी पण दिसली होती?"

"ती न दिसायला काय झालं? तू घण उचललास तेव्हाच दिसली. डावीकडं कानापर्यंत गेली होती."

"मग 'घाम पूस' का म्हणालात?"

"बाजार हसत होता तुला. मला न्हाई आवडलं."

मी भाकरी तव्यावर टाकायची विसरले होते. ती तशीच हातावर धरून मी विचारलं, "सगळे हसले, तुमची आई हसली, शेळ्या हसल्या. तुम्हाला हसू न्हाई आलं?"

"लई आलं."

"मग हसला का न्हाई?"

लिंबाजींनी डावा हात पुढे केला, ताटातला कांदा उचलला आणि म्हणाले, "हसलो असतो तर हात हलला असता."